ओकारी कितली लांब गयी?

खांडबाऱ्यात कुणाकडे बाळ झालं की लोक झबलं-टोपडं घेऊन बघायला जातात. आमच्या शेजारचे गणपतमामा रिकाम्या हातानं जायचे आणि बाळंतिणीला विचारायचे, "ओकारी कितली लांब जास? हनुवटीवर का भिंतवर?"

लोकांच्या हातात पेढा, आणि यांचा हा प्रश्न! मामांचा जन्म एका डॉक्टरांकडे कंपाउंडरकी करण्यात गेला, मान्य. पण एकदा तर ते आमच्या ओट्यावर टाचेपुढे पाऊल टाकत परक्या बाळाची ओकारी मोजत होते. मी त्यांना तोंडावर चक्रम म्हणालो होतो. तेव्हापासून ते आमच्याकडे फिरकले नव्हते.

मग मला मुलगा झाला. तीन आठवड्यांचा असताना प्यायलेलं सगळं दूध पिचकारीसारखं बाहेर उडायला लागलं. ओकून झालं की पुन्हा भुकेनं टाहो. आठवड्यात पोरगं वाळून काडी झालं. आईनं दृष्ट काढली, गुण येईना. शेवटी तिनं चुलीत विळा तापत घातला. पोटावर डाग दिला की दूध पोटात टिकतं म्हणे. मी चांगला शिकलेला माणूस, मुकाट बघत उभा होतो. आजही स्वतःची लाज वाटते.

रडणं ऐकून मामा आले, भिंतीवर उडालेलं दूध पाहिलं. चुलीतला विळा हातानंच ओढून त्यांनी अंगणात भिरकावला. हात पोळला.

"आक्का, पोटना तोंडले बोरएवढी गाठ शे! डाग दिधा तरी ती सुटाव नही, चिरनी पडस. पहिले डॉक्टरस्लेबी ठाऊक नव्हतं, पोरं भुक्या मरेत. आते ठाऊक शे ना!"

तसेच सुरतला गेलो. आधी सलाईन, मग ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी पोरगं दूध प्यालं आणि ते पोटात राहिलं. मी रडलो. बाळ मामांच्या मांडीवर दिलं. झबलं वर करून ते टाक्यांकडे बघत बसले.

"मामा, तुम्हाला कसं कळलं?"

"मन्हा पोऱ्याबी असाच ओके. पहिला व्हता. डाग दिधा, आनि चार दिनमा गया. मंग डॉक्टरसाहेबनी मले समजाडं."

मामांना मूल झालंच नव्हतं, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

"डाग कुणी दिला?" विचारायला नको होतं मी.

मामांनी बाळाचं झबलं खाली ओढलं, नीट केलं.

"मन्ही मायना हात थरथर करेत. मंग मीच दिधा."