दिवा लागला की बटण दाबा

"रविवारपर्यंत बसवून देतो, बाबा," लिफ्टच्या मेकॅनिकने वडिलांना ऐटीत सांगितलं. बाबांना ऐकू गेलं नाही, म्हणून कागदावर लिहूनही दिलं. तिथेच फसला. बाबा लिहिलेला कागद घडी घालून खिशात ठेवतात.

काम ते केवढं! दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत दिवा लागला पाहिजे, एवढंच. बेल ऐकू येत नाही म्हणून बाबा दुपारभर दारासमोर खुर्ची टाकून पहारा द्यायचे. परवा तिथेच डुलकी लागली आणि त्यांचा बुद्धिबळातला जोडीदार बेल दाबून दाबून परत गेला. आता तो रुसला होता. एकुलता एक मित्र! बाबांनी दुपारची झोपच सोडली.

हवा होता फक्त पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर बोर्ड. पण तो बाजारात औषधालासुद्धा शिल्लक नव्हता. साठेबाजांनी दुकानं धुऊन नेली होती आणि तोच बोर्ड ते चौपट भावाने विकत होते.

"चौपट? मेलो तरी देणार नाही," मेकॅनिक म्हणाला.

"मग साध्या वायरने जोडा ना," बायको म्हणाली.

"साध्या वायरने काय, कोणीही जोडेल."

त्याने कपाटातलं जुनं सामान उपसून एक पहारेकरी तयार केला. दर मिनिटाला त्या यंत्राने इंटरनेटवरची सगळी दुकानं बघायची आणि माल आला की फोनवर कळवायचं. झालं, मेकॅनिकची झोप उडाली. जेवताना फोन ताटाशेजारी, अंघोळीला फोन साबणाशेजारी.

मंगळवारी तो लिफ्टच्या टपावर असताना फोन वाजला. आत एक काकू अडकलेल्या.

"काकू, एकच मिनिट!"

"अहो, पाऊण तास झाला!"

ग्रीसने माखलेला अंगठा फोन ओळखेना. पुसेपर्यंत माल संपला. काकूंनी थेट साहेबांना फोन लावला आणि साहेबांनी त्याची बिनपाण्याने केली. संध्याकाळी त्याने जिन्यातच उभं राहून फोनवर काहीतरी खुडबुड केली आणि घरात कोणाला सांगितलं नाही.

बुधवारी त्याने पहारेकऱ्याला एक दिवा जोडला, तो बाबांच्या खुर्चीसमोर टांगला आणि लिहून दिलं, 'दिवा लागला की कॉम्प्युटरवरचं बटण दाबा.' बाबांनी इमानेइतबारे तीन वेळा धाव घेतली. तिन्ही वेळा साठेबाज पुढे. गुरुवारी संध्याकाळी ते दिव्याखाली उभे राहिले.

"दिवा छान लागतो रे. माझा तो हाच का?"

मेकॅनिकने लिहिलं, 'नाही. तुमच्यासाठी बोर्ड मिळायचाय.'

"मग हा कशावर चालतो?"

मेकॅनिकने 'बोर्डवर' एवढं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. बायको भाजी चिरायची थांबली. बाबांनी खिशातून 'रविवारपर्यंत' लिहिलेला कागद काढला, उलगडला आणि त्याच्यासमोर धरला.

पंधरा मिनिटांत दिवा बेलला जोडून झाला.

शनिवारी दुपारी बाबा आतल्या खोलीत गाढ झोपले असताना दिवा लागला. बाबा उठले, दार उघडलं. जोडीदार पट काखेत मारून उभा होता. रुसवा दारातच संपला आणि डाव मांडला गेला. मेकॅनिक कॉलर ताठ करून बाजूला बसला.

अर्ध्या तासाने दिवा पुन्हा लागला. या वेळी बायकोने दार उघडलं. कुरिअरवाला एक चिमुकला खोका देऊन गेला. सोबतच्या बिलावरची चौपट किंमत तिने इतक्या मोठ्याने वाचली, की बाबांनाही ऐकू गेली.