पेटीला चौऱ्याण्णव गुण

वस्तू वापरली की झिजते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. त्यावरून वस्तूचा खरा शत्रू तिचा मालकच असतो, हे ओळखायला मात्र 'जुनी वाहने जतन समिती' स्थापन व्हावी लागली.

समितीत अकरा सभासद आहेत. त्यांपैकी गाडी चालवता येणारे दोघे. हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे त्यांना मताचा अधिकार नाही. मी बारावी, लाकडाची तज्ज्ञ म्हणून निमंत्रित. (प्रयोगशाळेत मी लाकडाची जात, वय आणि ओलावा तपासते. लाकूड बोलत नाही, मीही कामाशिवाय बोलत नाही. आमचं चांगलं जमतं.)

पूर्वीच्या मोटारींना दाराखालच्या पायरीवर सुट्या भागांची एक लाकडी पेटी बसवलेली असे. रस्त्यात गाडी बंद पडली तर चालकाने पेटी उघडावी, हवा तो भाग काढून बसवावा आणि पुढे जावं, अशी कारखान्याची भाबडी कल्पना. समितीने तीन वर्षांच्या अभ्यासाअंती दाखवून दिलं, की पेटीचं सर्वाधिक नुकसान नेमकं याच वेळी होतं.

त्यातून गुणपद्धती आली. पहिल्या वर्षी गाडीला ऐंशी गुण होते आणि पेटीला वीस. मग परीक्षकांनी लेखी कळवलं, की गाडी आकाराने मोठी असल्याने तिच्याभोवती फिरावं लागतं आणि गुडघे धरतात. (परीक्षकांचं सरासरी वय एकाहत्तर.) पेटी टेबलावर ठेवून, चहा घेत तपासता येते. त्यामुळे सध्या शंभरपैकी शंभर गुण पेटीला आहेत. सोबत गाडी आणल्यास 'हरकत नाही' असा शेरा मिळतो.

पेटीला पन्नास गुण मिळाले, तर गाडीला रस्त्यावर फिरण्याचा परवाना. कमी पडले, तर गाडी भंगारात. ही पद्धत सोपी, पारदर्शक आणि निःपक्षपाती असून ती बसवण्यात माझाही वाटा आहे.

आमच्या घरी अशी एक गाडी होती. माझे सासरे ती त्रेपन्न वर्षं चालवत होते. दर गुरुवारी चार वाजता ते सासूबाईंना शेजारी बसवून नदीवरच्या पुलापर्यंत जायचे आणि परत यायचे. आईंना गेली चार वर्षं काही आठवत नाही, म्हणून त्या गप्प असतात. गाडी सुरू झाली की मात्र बोलायला लागायच्या. डॉक्टरांकडे याचं स्पष्टीकरण नाही. माझ्याकडेही नाही, पण मोजमाप आहे, कारण मागच्या सीटवर मी वही घेऊन बसायची. घरात दिवसाला सरासरी सात शब्द. गुरुवारी, बावीस किलोमीटरांत, तीनशे दहा.

"अहो, डावीकडे! डावीकडे म्हटलं ना?"

"अगं, डावीकडे भिंत आहे."

"मग भिंतीच्या अलीकडून वळा. दर वेळी मीच सांगायचं का? आणि त्या सायकलवाल्याला आधी जाऊ द्या, त्याला घाई दिसतेय. तुम्हाला कसली घाई आहे?"

"मला कसली असणार? तू आहेस ना बरोबर."

"गोड बोलू नका, समोर बघा."

(माझ्या नवऱ्याच्या नव्या गाडीतही प्रयोग करून पाहिला. एकूण सात शब्द. त्यांतले पाच: "ही गाडी कोणाची? आपण उतरूया.")

परवान्याची मुदत संपली तेव्हा बाबांनी पेटी समितीपुढे ठेवली. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे माझा हितसंबंध असू शकत नाही, असा निर्वाळा अध्यक्षांनी दिला. तपासणी मीच केली. एकोणीस खणांपैकी काहींचा तपशील असा:

खण चार: प्लग. मूळचे नाहीत; चौथ्यांदा बदललेले.
खण सात: पंख्याचा पट्टा. त्या जागी आईंच्या जुन्या शालीची पिळून शिवलेली कड. (घाटात तिच्यावर गाडी चौदा किलोमीटर चालल्याचं बाबा सांगतात.)
खण नऊ: अंगाच्या साबणाचा तुकडा. पेट्रोलच्या टाकीला चीर पडली तर बुजवण्यासाठी. (साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. शास्त्रदृष्ट्या योग्य, नियमात बसत नाही.)
खण बारा: आईंचा जादा चष्मा.
खण पंधरा: पेपरमिंटच्या गोळ्या, अर्ध्या संपलेल्या.

शेरा: 'पेटीत वापराच्या गंभीर खुणा.' गुण: अकरा, तेही बिजागऱ्यांना. फेरतपासणीसाठी तीस दिवस.

बाबा सुतारकाकांकडे गेले. मीही बरोबर होते. सुतारकाका शहरातले असे एकटेच, की जे खिळा न मारता कोपरा जोडतात. त्यांनी जुनी पेटी उलटसुलट करून पाहिली.

"हिला काय धाड भरलीय? दणकट आहे की."

"हिने काम केलंय, म्हणून नापास झाली," बाबा म्हणाले. "काम न केलेली पेटी हवी. ऐंशी वर्षांची."

"म्हणजे जावई शोधल्यासारखं झालं," सुतारकाका म्हणाले आणि माप घ्यायला लागले.

पाडलेल्या एका शाळेचे बाक त्यांच्याकडे पडून होते. त्यांतून त्यांनी चोवीस दिवसांत पेटी उभी केली. आत हिरव्या बनातीचं लोकरी अस्तर लावलं. भाग मात्र खरेच जुने मिळाले, कारण ते कोणी कधी वापरलेच नव्हते. माझ्या अहवालात मी लिहिलं, की लाकूड किमान ऐंशी वर्षांचं आहे. यात काही खोटं नाही. रकाना 'लाकडाचे वय' असा होता. पेटीचं वय विचारणारा रकाना अर्जात नाही. अर्जाचा मसुदा मीच केला होता.

पेटीला चौऱ्याण्णव गुण मिळाले. समितीच्या इतिहासात एवढे कोणालाच मिळाले नव्हते. टाळ्या वाजल्या. मग चिटणीसांनी नियम सतरा वाचून दाखवला. नव्वदच्या वर गुण मिळालेली पेटी 'अतिजतन' श्रेणीत जाते. अशी पेटी चालत्या गाडीवर बसवता येत नाही, कारण हादऱ्यांनी सांधे सैल होतात. आणि पेटीशिवाय गाडी चालवता येत नाही, कारण मग ती ती गाडीच राहत नाही. बाबांना चालवण्याचा परवाना सन्मानपूर्वक देण्यात आला आणि गाडी प्रदर्शनाच्या दालनात हलवण्यात आली.

मी सुतारकाकांना विचारलं, "काका, पन्नासच हवे होते. थोडं वाईट करता आलं नसतं का?"

"थोडं वाईट?" ते म्हणाले. "ते शिकायला दुसरा जन्म लागेल, बाई."

फेरमूल्यांकनाचा अर्ज केला. त्यात गुण वाढवून मागता येतात, कमी करून मागण्याची तरतूद नाही. पेटी नवी आहे असं मी सांगू शकले असते. मग पुन्हा अकरा गुण उरले असते आणि गाडी भंगारात गेली असती. मी हा हिशेब कागदावर तीन वेळा मांडून पाहिला. उत्तर तेच येत होतं.

"अहवालावर सही तुझी होती का गं, सूनबाई?" बाबांनी विचारलं.

"हो."

"छान आहे अक्षर."

त्यांनी समितीकडे एकच मागणी केली: दर गुरुवारी चार वाजता आईंना आणि त्यांना गाडीत बसू द्यावं. 'बसणे म्हणजे वापर होय काय' यावर दोन बैठका झाल्या. इंजिन सुरू न करता, स्टिअरिंग न फिरवता आणि दार हळू लावून बसल्यास तो वापर होत नाही, असं सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं. गाडीभोवती दोरी बांधली गेली. समोर काचेच्या कपाटात पेटी ठेवली गेली, तिच्यावर दिवा.

मी वही घेऊन भिंतीपाशी उभी राहते. पहिल्या गुरुवारी आईंनी सगळी वळणं सांगितली: एकशे बेचाळीस शब्द. दुसऱ्या गुरुवारी एकशे पाच. पाचव्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "पूल अजून कसा आला नाही?" आणि बाबा म्हणाले, "आज गर्दी आहे फार." एकूण अडतीस. उतरता आलेख आहे, आणि तो एका बिंदूकडे जातोय हे दिसायला शास्त्र शिकावं लागत नाही.

अकराव्या गुरुवारी तुम्ही आला होतात.

तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही पेटीसमोर, म्हणजे गाडीच्या अगदी पुढ्यात उभे राहिलात. माहितीचा फलक वाचलात. 'एकदाही न उघडलेली' या शब्दांपाशी थांबून मान हलवलीत. तुमच्या पाठीमागून आई म्हणाल्या, "अहो, त्यांना जरा बाजूला व्हायला सांगा. रस्ता दिसत नाही." नऊ शब्द. त्या दिवसाचे तेवढेच.

तुम्ही दचकून वळलात, हसलात, आणि मला हळूच विचारलंत, "हे दोघं गाडीबरोबरचेच का?" मी हो म्हटलं. मग तुम्ही दोन पावलं मागे सरून फोटो काढलात आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलंत: 'अप्रतिम जतन! आतली दोन माणसं तर अगदी खरी वाटतात.'

त्यानंतरच्या गुरुवारपासून माझ्या वहीत शून्य आहे. समितीने मात्र तुमचा अभिप्राय वार्षिक अहवालात छापला आणि त्याच्या आधारे प्रदर्शनाची मुदत पाच वर्षांनी वाढवली.

तुम्ही पुन्हा आलात तर कुठे उभं राहायचं नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. पण तुमची अडचणही मला कळते. फोटो समोरूनच चांगला येतो.