दगडाबाईंनी लिफ्ट फत्ते केली त्याची हकीकत

वाचणारांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, किल्ल्यांच्या हकीकती लिहिणारे उदंड जाहले, परंतु मुकुंदवाडीच्या सद्भाव सोसायटीत लिफ्टेवरून जे युद्ध पेटले ते कोणी कागदावर आणिले नाही. सबब शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख वद्यातील ही हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरतेच.

सोसायटीचे चेअरमन राजमान्य राजश्री काकासाहेब, मूळ वतन देवगाव रंगारी, तेथे चाळीस एकर रान, येथे चौथ्या मजल्यावर मुक्काम. त्यांचे घरी धुणीभांडी करावयास मेंढपाळ घराण्यातील दगडाबाई नामजाद होत्या, आणि त्याच मजल्यावरील आणखी तीन घरे त्यांचे अमलाखाली होती. बाईंचे वय साठीला टेकलेले, गुडघे दोन्ही फितूर जाहलेले, आणि डॉक्टरांनी साफ सांगितलेले की, जिने चढाल तर वर्षभरात अंथरूण धराल. ही चार घरे सुटली तर चूल विझली, हे बाई जाणून होत्या.

ऐशा समयी काकासाहेबांनी फलकावर फर्मान लाविले की, कामवाल्यांमुळे लिफ्टेस वास येतो, सबब त्यांनी जिन्याने यावे. पहिल्या मजल्यावरचे कुत्रे रोज लिफ्टेतून गच्चीवर हवा खावयास जात असे, त्यास मनाई नव्हती. सेक्रेटरी बद्रीनाथपंत, कोर्टातील निवृत्त कारकून, यांनी मसलत दिली की, भेदभावाचा कायदा दुकानास, विहिरीस, रस्त्यास लागू, लिफ्ट ही खासगी मिळकत, आणि आपल्या मिळकतीत कोणाशेजारी उभे राहावे हा ज्याचा त्याचा व्यक्तिगत हक्क, तो घटनेनेच दिला आहे. काकासाहेब ऐसे संतोषले की, घटना जणू त्यांसच विचारून लिहिली होती.

दगडाबाईंनी ते फर्मान वॉचमन फकिराकडून दोनदा वाचवून घेतले. त्यात माणसास बंदी होती, भांड्यांस नव्हती. मग बाई पार्किंगमधल्या नळापाशी ठाण मांडून बसल्या आणि वर निरोप धाडिला, "मी आलेय कामाला. भांडी धाडा खाली लिफ्टीतून, त्यांना बंदी नाय."

मग चार घरच्या चार गृहिणी खरकट्याचे टब घेऊन लिफ्टेत शिरल्या, आणि आमटी सांडली, आणि कढई उलटली, आणि लिफ्टेस आता खरोखरच वास सुटला. तीन दिवस ऐसी रसद चालली. चौथे दिवशी काकासाहेबांच्या पत्नी सारजाबाईसाहेब यांची कंबर धरली, आणि मग सर्वसाधारण सभेचा दरबार भरला.

बद्रीनाथपंत हक्कावर अर्धा तास बोलले. मग दगडाबाईंस जाब पुसला, तेव्हा त्या भिंत धरून उठल्या.

"काकासाहेब, माझ्या बापाची मेंढरं तुमच्या रानात खतासाठी बसवायला तुमचे वडील बैलगाडी धाडायचे. गाडीत आमची कोकरं, मी बी गाडीत, तुमच्या मांडीला मांडी लावून. तवा लई हसायचे तुम्ही. तवा वास नाय आला."

काकासाहेबांनी चष्मा पुसावयास घेतला. 

मग सारजाबाईसाहेबांचा हुकूम सादर जाहला की, हक्क ज्यास राखणे असेल त्याने खुशाल राखावा, परंतु ज्याचा हात बंदीच्या बाजूने वर जाईल त्याने उद्यापासून आपल्या घरचा टब स्वतः खाली न्यावा आणि वर आणावा. मतदान जाहले. काकासाहेबांचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि कान खाजवून माघारी आला. बाकी कोणाचा हललाही नाही.

तहनामा ऐसा ठरला की, फर्मान उतरवावे आणि दगडाबाईंनी लिफ्टेने यावे. बद्रीनाथपंतांनी मात्र हट्टाने एक कलम घालून घेतले की, कोणास कोणाबरोबर लिफ्टेत उभे राहण्याची सक्ती नाही, व्यक्तिगत हक्क अबाधित.

दुसरे दिवशी सकाळी काकासाहेब फिरून आले, तो लिफ्टेत दगडाबाई उभ्या. त्यांनी दार धरून म्हटले, "या की, जागा हाय." काकासाहेबांस कलम आठवले, आब राखणे प्राप्त जाहले, आणि स्वारी जिन्याकडे वळली. बाई वर पोहोचल्या, एका घरची भांडी घासून जाहली, ओटा पुसून जाहला, तरी चेअरमनसाहेबांचा पत्ता नव्हता.

येणेप्रमाणे वैशाख वद्य नवमीस दगडाबाईंनी चौथा मजला फत्ते केला, आणि काकासाहेबांचा हक्कही शाबूत राहिला. तो त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून, धापा टाकीत, एकट्याने उपभोगिला.