सेलूच्या घराचं भाडं

नर्मदाबाई भाकरी थापायला बसल्या की पूर्वी पाटल्यांचा आवाज ओसरीपर्यंत यायचा. आता नुसत्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. तो बारीक आवाज कानावर पडला की ओसरीवर बसलेले किशनराव उगाच खाकरायचे आणि गोठ्यात काम आठवल्यासारखं करून उठायचे. त्या दिवशी मात्र त्यांना उठायला जरा उशीर झाला.

"दिवाळी आली," नर्मदाबाई तव्यावर भाकरी टाकत म्हणाल्या. "सेलूचं भाडं कवा आणायचं?"

"आणू की."

"माझ्या बापानं दिलेल्या पाटल्या मोडून घर घेतलंय तुमी. भाड्यातून परत घडवून देतो म्हनलाव. म्या इसरले न्हाई, येवढंच सांगते."

हे सगळं आबासाहेबांचं देणं होतं. झरीत किशनरावांची जमीन काळी, कसदार. घरात खाऊनपिऊन उरत होतं. गडी सुखात होता. पण आबासाहेबांनी उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात भुंगा सोडला. हे आबासाहेब गावाचे सल्लागार. स्वतः त्यांनी जन्मात गोठ्याशिवाय काही बांधलं नव्हतं, पण घर कसं घ्यावं, कुठे घ्यावं, पैसा कसा उभा करावा, याची त्यांना खडान्‌खडा माहिती असे. शेत पावसाच्या मर्जीवर चालतं, घराला पावसाशी देणंघेणं नसतं, असं ते म्हणाले. सेलूला रेल्वे आहे, कापसाचा बाजार आहे, जिनिंग आहे. बाहेरगावचे दलाल राहायला जागा शोधत फिरतात. घर घ्या, भाड्यानं द्या आणि निजामाचे हाली रुपये मोजत बसा.

शिवाय त्यांचे नियम होते. भिंतीला तळहात लावून ओल बघायची. आडाचं पाणी चाखायचं. शेजारपाजार विचारायचा. सगळा पैसा उसना घ्यायचा नाही, घरातलाच उभा करायचा. म्हणून निम्मा पैसा कापसाचा आला आणि निम्मा नर्मदाबाईंच्या मनगटांवरून उतरला. शेवटचा नियम आबासाहेबांनी आवाज खाली आणून सांगितला होता.

"भाडं हातात पडंस्तवर भाडेकरूच्या घरचं पाणी बी प्यायचं न्हाई, किशनराव. पाणी पिलं की माणूस मऊ पडतो."

भाडं आणायला कधी जावं, हेही त्यांनीच ठरवलं. दलाल लोक दिवाळीला हिशेब चुकता करतात. पण लक्ष्मीपूजनाला नि पाडव्याला घरातली लक्ष्मी कोणी बाहेर काढत नाही. म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाठायचं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज असते, ही गोष्ट आबासाहेबांच्या लेखी किरकोळ होती.

किशनरावांच्याही ती पथ्यावर पडली. ते आईबापाला एकटे. पाठीवर बहीण नाही. भाऊबीजेला नर्मदाबाई पालमला माहेरी जायच्या आणि गावातले पुरुष कपाळभर कुंकू लावून मिरवायचे. किशनराव त्या दिवशी मुद्दाम शेतात जाऊन बसायचे आणि नसलेलं तण उपटायचे. औंदा शेताऐवजी सेलू.

झरीहून परभणीपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. घर बाजारापलीकडच्या गल्लीत होतं, दोन खणांचं, वर मातीचं माळवद. भाडेकरू बन्सीधर कापसाचा दलाल, गोड बोलणारा, गल्लीत वजन असलेला. त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला. किशनरावांनी हात जोडले. तहान नाही म्हणाले. घसा तर इतका कोरडा पडला होता की तेवढं बोलतानाही त्यांना ठसका लागला.

बन्सीधरनं आषाढापासूनचं सगळं भाडं एकरकमी त्यांच्या हातावर ठेवलं. आबासाहेबांचा नियम पार पडला. किशनरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्यायलं. तेवढ्यात मनकर्णा आतून ओवाळायचं ताट घेऊन आली आणि तिनं पाट मांडला.

"बसा, दादा."

आता ओवाळून घेऊ नये, असं काही आबासाहेबांनी सांगितलं नव्हतं. किशनराव बसले. मनकर्णानं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन फिरवलं. पलीकडच्या भिंतीवरून शेजारची धुरपताबाई टाचा उंचावून बघत होती.

"मला भाऊ न्हाई," मनकर्णा म्हणाली. "कळाया लागल्यापासनं चंद्राला ओवाळते. पर चंद्र लय लांब हाय, दादा."

किशनरावांना गलबलून आलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या कपाळावर भाऊबीजेचं कुंकू लागलं होतं. त्यांनी खिशात हात घातला. खिशात भाड्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी एक रुपया ताटात टाकला. तो ताटात इतका एकटा दिसला की त्यांनी दुसरा टाकला. मग मनकर्णानं पदरानं डोळे पुसले, आणि पुढे काय झालं ते किशनरावांना नीट आठवत नाही. परतीच्या तिकिटाचे पैसे धोतराच्या सोग्यात वेगळे बांधलेले होते, म्हणून ते झरीला पोचले एवढंच.

"आलं का भाडं?" पालमहून आल्या आल्या नर्मदाबाईंनी विचारलं.

"आलं. पर घरावरच खर्च झालं." हे अगदीच खोटं होतं असं म्हणता येणार नाही.

पुढच्या खेपेला मोकळ्या हातानं बहिणीकडे कसं जायचं, म्हणून किशनरावांनी पोतंभर ज्वारी नेली. मनकर्णानं पुरणपोळ्या केल्या. जेवण झाल्यावर बन्सीधरनं कमरेची थैली काढली. मोठ्या सावकाश काढली. गाठ सावकाश सोडली. मनकर्णा समोरच ताटं उचलत होती. तिच्यादेखत तिच्या नवऱ्याकडून पैसे घ्यायचे, या कल्पनेनंच किशनरावांना घाम फुटला, आणि त्यांचा हात आपोआप पुढे जाऊन थैलीवर पडला.

"ऱ्हाऊ द्या, दाजी."

"आसं कसं, पाव्हणं? हक्काचं हाय तुमच्या," बन्सीधर म्हणाला आणि तोवर थैली कमरेला परत गेलीही.

त्यानंतर दर खेपेला तेच झालं. थैली निघायची, हात पडायचा, थैली जायची. संक्रांतीला चोळीचा खण गेला. उन्हाळ्यात तुरीची डाळ गेली. घरमालक म्हणून माळवदावर नवी माती टाकणं किशनरावांच्या अंगावर होतंच. पण बहिणीला आडोसा नको का, म्हणून न्हाणीही बांधून झाली. आबासाहेब अधूनमधून विचारायचे, घर कसं आहे. किशनराव म्हणायचे, घर झकास आहे.

बिंग फुटलं ते लोणच्यानं. आषाढ सरता सरता झरीचा सुग्रीव सेलूच्या बाजाराला गेला होता. तो येताना एक बरणी घेऊन थेट नर्मदाबाईंच्या दारात उभा राहिला.

"वहिनी, तुमच्या नणंदंनं लोणचं धाडलंय."

जिला नणंदच नाही अशा बाईला हा निरोप मिळाल्यावर जे व्हायचं ते झालं, पण आवाज न करता झालं. नर्मदाबाईंनी लोणच्याची फोड चाखली. चांगलं मुरलंय म्हणाल्या. सुग्रीवला गूळ-पाणी दिलं, वाटेला लावलं आणि मग त्या किशनरावांसमोर येऊन बसल्या.

"भाडं यायलंय का जायलंय?"

किशनरावांनी सगळं सांगून टाकलं. ज्वारी सांगितली, डाळ सांगितली, न्हाणी सांगितली. नर्मदाबाईंचा चेहरा प्रत्येक वस्तूगणिक घट्ट होत गेला. शेवटी किशनरावांनी चंद्राचं सांगितलं. नर्मदाबाईंनी लोणच्याची बरणी उचलून फडताळात ठेवली. पालमला त्यांना दोन भाऊ होते.

"औंदाची भाऊबीज मी सेलूला करनार," त्या म्हणाल्या.

"आन् तुझे भाऊ?"

"त्यांला आदी सांगावा धाडते. तुमी फकस्त संगं चला आन् मधी बोलू नगा."

तेव्हापासून दिवाळीपर्यंत किशनरावांची झोप उडाली. एकीकडे बायको, तीही पाटल्या गमावलेली. दुसरीकडे बहीण, तीही आयुष्यात एकदाच मिळालेली. नर्मदाबाई तिथे जाऊन भाड्याचं एक अक्षर बोलल्या की बहीण जाणार, आणि न बोलल्या तर पाटल्या जाणार. रेल्वेत बसल्यावर त्यांनी बायकोच्या मांडीवरच्या टोपलीकडे संशयानं पाहिलं. टोपली फडक्यानं झाकलेली होती.

मनकर्णानं वहिनीचे पाय धरले. तिचा आनंद बघून किशनरावांना आणखीच कानकोंडं झालं. पाट मांडला, ओवाळणं झालं, किशनरावांनी ताटात लुगडं ठेवलं. बन्सीधर खुशीत होता. सवयीप्रमाणे त्याचा हात सावकाश थैलीकडे निघाला होता. तेवढ्यात नर्मदाबाईंनी टोपलीवरचं फडकं काढलं. आत पितळी ताट होतं, निरांजन होतं, कुंकवाची कोयरी होती.

"बन्सीधरदादा, आता तुमी बसा."

"मी?" बन्सीधर म्हणाला.

"तुमची बायको ह्यांची बहीण. मग म्या तुमची बहीण व्हायला काय हरकत हाय? साटंलोटं झालं म्हना."

भिंतीपलीकडून धुरपताबाईनं लय ब्येस म्हणून पसंती दिली. तिच्या शेजारी आणखी तीन डोकी उगवली. त्यांतली दोन बाजारात बन्सीधरकडेच कापूस घालणारी होती, आणि दलालाचा सगळा धंदा शब्दावर नि नावावर. बन्सीधर मुकाट पाटावर बसला. कपाळावर कुंकू लागलं. त्यानं ताटात एक रुपया टाकला.

ताट थांबलं नाही. त्यानं आणखी एक टाकला. निरांजन त्याच्या तोंडासमोरून फिरतच राहिलं.

"वरीसभर तुमी मला काई दिलं न्हाई, दादा," नर्मदाबाई मायेनं म्हणाल्या. "म्या रुसले न्हाई. पर ताट लय हलकं लागायलंय."

बन्सीधरनं थैली काढली. सावकाश काढली. गाठ सावकाश सोडली आणि आशेनं किशनरावांकडे पाहिलं. किशनरावांचा हात सवयीनं पुढे निघालाही होता.

"भाऊबहिणीच्या मधी कुनी पडू ने," नर्मदाबाई मान न वळवता म्हणाल्या. किशनरावांनी तो हात पागोटं नीट करायला लावला.

निरांजनाच्या उजेडात तेवढ्यात मनकर्णाला वहिनीची मनगटं दिसली.

"वहिनी, हातात नुसती काच कामून? माझ्या दादाच्या घरात कमी हाय का काई?"

"कमी न्हाई, बाई. पाटल्या व्हत्या. ह्या घराच्या भिंतीत हायेत त्या."

मनकर्णानं भिंतीकडे पाहिलं, मग वहिनीच्या हातांकडे. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा पार उतरला. तिनं नवऱ्याकडे वळून इतकंच म्हटलं, "थैली ठिवा."

"मनकर्णा, त्यात उद्याच्या बाजाराचे..."

"सगळी ठिवा."

थैली ताटात पडली. ताट शेवटचं एकदा फिरलं आणि थांबलं. नर्मदाबाईंनी नव्या भावाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि त्याला उदंड आयुष्य चिंतलं, अगदी मनापासून.

त्यानंतर दर महिन्याला नर्मदाबाई भावाकडे जाऊ लागल्या. भाड्याचा शब्द कोणी काढत नसे. बन्सीधर पाटावर बसे, ताट जड होईपर्यंत फिरे. किशनरावांची ज्वारी जातच होती, पण उलट्या दिशेनं मनकर्णाची लोणची येत होती. वर्ष भरायच्या आत पाटल्या घडल्या, आणि भाकरीचा जुना आवाज ओसरीपर्यंत पुन्हा येऊ लागला. किशनराव आता त्या आवाजाला उठत नसत.

पुढच्या उन्हाळ्यात सुग्रीवच्याही डोक्यात तो भुंगा शिरला. त्याला पालमला घर घ्यायचं होतं. आबासाहेबांना सोडून तो किशनरावांकडे आला, कारण किशनराव आता या विषयातले अनुभवी गृहस्थ गणले जात होते.

"भिंत बगायची, आड बगायचा, ते समदं आबासाहेबांनी सांगितलं," सुग्रीव म्हणाला. "आनखी काय बगायचं?"

किशनरावांनी आतून येणारा पाटल्यांचा आवाज थोडा वेळ ऐकला.

"भाडेकरूच्या बायकोला भाऊ हाय का न्हाई, ते इचार."

"नसला तर?"

"तर घर लय महाग पडतं, सुग्रीव. भाडं आणायला बायकोला धाडावं लागतं."

सुग्रीवनं ते डोक्यात पक्कं बसवलं. "आन् भाऊ असला, तर मग घिऊ ना बिनघोर?"

किशनरावांचा हात आपोआप कपाळाकडे गेला, जिथे दर भाऊबीजेला मनकर्णाचं बोट टेकत असे.

"असला, तर तसलं घर घिऊन काय करतोस, बाबा?"