एका रंध्याचा कौल

खंडेनवमीच्या सकाळी भिकाजीराव सुर्व्यांनी ओटीवरच्या चौरंगावर आपले सगळे रंधे मांडले, तेव्हा देवीच्या तसबिरीलाच जागा उरली नाही. तसबीर कोनाड्यात गेली. रंधे मात्र चौरंगावर ऐटीत बसले, प्रत्येकाला हळदकुंकू आणि प्रत्येकापुढे झेंडूचं एकेक फूल. खाली जमिनीवर कोयता, पहार, कुऱ्हाड आणि हातोडी अशी गरीब मंडळी दाटीवाटीने बसली होती.

भिकाजीराव सुतार नव्हते, बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. पण लाकूड तासून गुळगुळीत करणारा, एका हातात मावणारा छोटा रंधा दिसला की त्यांचं भान हरपायचं. देवरुखच्या बाजारातून त्यांनी शिसवी रंधा आणला होता. लांज्याच्या एका म्हाताऱ्याच्या हातापाया पडून मुठीएवढा रंधा मिळवला होता. होड्या बांधणाऱ्यांकडून तळाला बाक असलेला पैदा केला होता. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे मेहुण्याकरवी मुंबईहून मागवलेला विलायती पोलादी रंधा. या आयुधांनी त्यांनी आजवर काय घडवलं, असं कुणी विचारू नये. एकदा पाट करायला घेतला होता. तो कोणत्या रंध्याने साफ करावा हे ठरेना, म्हणून ती फळी अजून फळीच होती.

"आज पूजा करा, उद्या सोनं वाटा, आणि परवा ह्ये सगळं धोंडूच्या घरी नेऊन टाका," यमुनाबाईंनी नैवेद्याचं ताट ठेवता ठेवता नवऱ्याला बजावलं. "एक तरी रंधा कदी घराच्या उपयोगाला आलाय? चौरंग अडवतायत नुसते."

"अगो, वेळ यावी लागते!"

"परवापर्यंत आली तर ठेवा. नायतर धोंडू सुताराला फुकट देऊन टाकीन."

धोंडू सुतार शेजारीच राहायचा. उरलेले बहुतेक रंधे भिकाजीरावांनी त्याच्याकडूनच विकत घेतले होते, त्यामुळे प्रसादाला आलेला धोंडू हे ऐकून खाली मान घालून शिरा खात राहिला. भिकाजीराव मात्र बोटांवर दिवस मोजू लागले. परवा म्हणजे काय, एका दिवसाआड!

आणि वेळ आली. तीही अशी धडाक्याने आली की पडवीची भिंत हादरली.

यमुनाबाईंचा धाकटा भाऊ रावजी खलाशी होता. दुपारच्या आगबोटीने त्याला मुंबईला जायचं होतं, कारण त्याचं जहाज दसऱ्यालाच सुटणार होतं. ही आगबोट चुकली की जहाज चुकलं, आणि जहाज चुकलं की नोकरी गेली. कपडे बदलायला तो पडवीतल्या खोलीत शिरला आणि खलाशी जहाजावर लावतात तसं त्याने दाणकन दार लावलं. हस्ताच्या पावसाने फणसाचं ते दार आधीच फुगलं होतं. ते चौकटीत जे बसलं ते बसलंच. आतून रावजीने ओढलं, बाहेरून यमुनाबाईंनी ढकललं, धोंडूने खांदा लावला. दार हलेना.

"भावजी!" आतून आरोळी आली. "दार अडाकलाय!"

भिकाजीरावांचा चेहरा उजळला. ते टुणकन उठले. "अडाकलाय? खरंच अडाकलाय? फुगलाय ना? रावजी, तू बिलकुल घाबरू नको! रंधा हाय!"

"माजा भाऊस आत कोंडलाय आनि तुमी हसताय कसले?" यमुनाबाई कडाडल्या. "थांबा, मी मुसळ आणतंय."

"मुसळ! अगो, दार फुटेल. ह्ये मुसळाचं काम न्हवं, नाजूक काम हाय. दोन हात रंधा मारला की झालं." असं म्हणून भिकाजीरावांनी चौरंगाकडे हात नेला, आणि यमुनाबाईंनी तो वरच्यावर धरला.

"हात लावाल तर बगा! पूजा झालेय. आता उद्यापातूर हत्यार हलवायचं नाय."

हे खरंच होतं. खंडेनवमीला पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याशिवाय उठत नाही, हे रत्नागिरीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. धोंडूचीही सगळी हत्यारं घरी फुलं लेऊन बसली होती. आळीत त्या दिवशी मोकळं असं एक पातं नव्हतं. आपलं मुसळही हळदकुंकू लावून बसवलंय, हे यमुनाबाईंना आत्ता आठवलं. यमुनाबाईंना भाऊ बाहेर हवा होता आणि देवीचा कोपही नको होता. भिकाजीरावांना कोपापेक्षा परवाची भीती जास्त होती.

"मग देवाला विचारू," ते म्हणाले आणि अनवाणीच देवळाकडे पळाले.

लवू गुरवाने देवाचा तांदळा, तो गोल पाषाण, पुसला, दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा मेव्हणा दाराआड अडाकलाय. तर पूजेचे रंधे उचलायला तुजी परवानगी असंल तर उजवा कौल दे." पाकळी डावी पडली. भिकाजीरावांनी लवूचा हात धरला.

"लवू, परत विचार. सगळे नकोत म्हणावं. एकच. एकच रंधा!"

पाकळ्या पुन्हा लागल्या. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी घसरली आणि भिकाजीरावांनी लवूला मिठीच मारली.

"पण बगा हां," लवू सुटका करून घेत म्हणाला, "देवानं एकच सांगितलाय. दुसऱ्याला बोट लावाल तर मी जबाबदार नाय."

घरी पोचेपर्यंत भिकाजीरावांच्या आनंदाचं पाणी झालं होतं. एकच! ज्या माणसाला पाटासाठी रंधा निवडता आला नव्हता, त्याला आता दारासाठी निवडायचा होता, तोही मेहुण्याची नोकरी टांगणीला लावून. ते चौरंगापुढे उकिडवे बसले. धोंडूही शेजारी बसला.

"शिसवी घ्या," धोंडू म्हणाला. "मूठ गुळगुळीत, हात दुखत नाय."

"फणसाची नस उलटसुलट असते रे. शिसवीनं ती उचकटेल. लांजावाला बघ, त्याचं पातं कसं आडवं निजलंय."

"त्यो मुठीत मावतो, जोर कुठनं लावाल? होडीवाला घ्या."

"त्याला बाक हाय! दाराला बाक आणायचाय काय?"

दोघांचे डोळे चकाकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याशी कुणी एवढं मन लावून रंध्यांवर बोलतंय, या सुखात भिकाजीराव रावजीला साफ विसरले. तेवढ्यात खाडीकडून आगबोटीचा भोंगा ऐकू आला. बोट खोल पाण्यात नांगर टाकत होती, तिथवर उतारूंना होड्यांनी जावं लागे.

"भावजी!" रावजी आतून रडकुंडीला आला होता. "होड्या सुटतील आता! कायतरी करा!"

"आवो, उचला कुठला तरी!" यमुनाबाईंनी टाहो फोडला.

भिकाजीरावांनी डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि विलायती रंधा उचलला. पोलादाचा तो गार, जड गोळा हातात येताच त्यांच्या अंगावर काटा आला. धोंडूने हात जोडले. सगळी वरात दारापाशी गेली. भिकाजीरावांनी बाह्या सरसावल्या, पातं डोळ्यांसमोर धरून पारखलं, रंधा दारावर टेकवला. मग वर सरकवला. मग खाली आणला. मग डावीकडे नेला.

"लावा की!" यमुनाबाई म्हणाल्या.

"लावतो," भिकाजीराव पुटपुटले. "कड शोधतोय."

आतून रावजीचा आवाज आला, आता अगदी शांत. "भावजी, कड चौकटीत हाय. ती घासायची तर दार उघडायला नको?"

पावसाने झोडपलेल्या अंगणाकडे धोंडूने असं निरखून पाहिलं, जणू अंगण त्याने कधी पाहिलंच नव्हतं. भिकाजीराव दाराला रंधा टेकवून तसेच उभे राहिले. देवाला दोनदा कौल लावला, पण ही एवढी गोष्ट विचारायची राहिली होती.

यमुनाबाईंनी नवऱ्याच्या हातातून रंधा हिसकावला. देवाने उचलायला सांगितलेला एकच, आणि तो उचलून झाला होता. "सर रे रावजी मागं!" त्या ओरडल्या, आणि पदर खोचून त्यांनी दाराच्या खालच्या कोपऱ्यावर तो विलायती पोलादाचा गोळा असा हाणला, असा हाणला, की तिसऱ्या घावाला दार धाडकन उघडलं. रावजी ट्रंक डोक्यावर घेऊन बाणासारखा सुटला. ताईच्या पाया पडायलाही थांबला नाही. शेवटच्या होडीत त्याने उडी मारल्याचं होडी नेणाऱ्या बाळा तांडेलाने संध्याकाळी येऊन सांगितलं, तेव्हा यमुनाबाईंनी डोळे पुसले.

भिकाजीरावांनी रंध्याचं पातं पाहिलं. कोपरा उडाला होता. परवाचा दिवस उजाडला, तसे सगळे रंधे गोणपाटात बांधून ते उंबऱ्याशी बसून राहिले.

"ह्ये कशाला बांधलाय?" यमुनाबाईंनी विचारलं.

"धोंडूला देणार होतीस ना?"

"देतंय बरी! माज्या भावाची नोकरी राखली ह्या रंध्यानी." त्यांनी गाठ सोडली आणि विलायती रंधा स्वयंपाकघरात नेला. "मला काय म्हाईत, ह्ये इतकं कामाचं असतात ते!"

भिकाजीराव आनंदाने नाचायचेच बाकी राहिले. चार दिवस त्यांनी आळीभर बायकोचं कौतुक सांगितलं. पाचव्या दिवशी ते स्वयंपाकघरात डोकावले. विलायती रंध्याखाली सुपारी फुटत होती. मांजराने दूध सांडू नये म्हणून शिसवी रंधा टोपावरच्या झाकणावर बसला होता. होडीवाला उलटा होऊन डुगडुगत्या चौरंगाचा पाय झाला होता, आणि लांजावाल्याच्या पोटात यमुनाबाईंनी काड्यापेटी ठेवली होती.

दुपारी त्या वामकुक्षीला आडव्या झाल्या, तेव्हा भिकाजीरावांनी एकेक रंधा हलकेच उचलून गोणपाटात भरला आणि चोरपावलांनी धोंडूच्या घराची वाट धरली. कुंपणापाशी धोंडू उभाच होता. "ठेव रे बाबा तुझ्याकडे," भिकाजीराव काकुळतीने म्हणाले. "पैसे नकोत. फक्त सांभाळ."

"आवो!" मागून हाक आली. यमुनाबाई कमरेवर हात ठेवून पायरीवर उभ्या होत्या. "घरातल्या वस्तू लोकांना वाटत सुटलात? संसार करायचा हाय का नाय? आना ते परत! आनि देवरुखला जाल तवा आनखी एक घेऊन या. जरा जड बगा."