ढोमणे मॅडमचा चारात एक

ढोमणे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या दहावी 'ब'च्या वर्गात स्वतःची चप्पल पंख्याच्या दिशेने उडवत होत्या.

मी प्रयोगशाळेतून हृदयाचं प्लास्टरचं मॉडेल घेऊन निघाले होते. वर्गातून पन्नास पोरांचा ओरडा आला, "सीधी! उल्टी! सीधी!" मी दारात थबकले. मॅडमच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी हवेत होती. पहिल्या बाकावरची मुलगी वहीत रेघा ओढत होती. नेमके त्याच वेळी समोरून प्राचार्य आले. हृदय माझ्या हातून पडता पडता वाचलं.

"मैडम, ये क्या हो रहा है?"

"प्रायिकता, सर," मॅडम चप्पल उचलत म्हणाल्या. "शंभर वेळा फेकायची आहे. अठ्ठावन्न झाल्या. तुमचा अंदाजा काय, सीधी जास्त पडंल का उल्टी?"

आमच्या शाळेत संभाव्यतेला प्रायिकता म्हणतात, कारण शाळा हिंदी मुलखातली; आम्ही दोघी मात्र नागपूरकडच्या. प्राचार्य चपलेकडे बघत निघून गेले. सफाईवाल्या मावशी मात्र झाडू घेऊन दारातच उभ्या राहिल्या. उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. इथे तर उलट्या चपलांचा ढीग वहीत मांडलेला! "आज काकर घर म झगरा होही, मैडम?" आज कुणाच्या घरी भांडण, म्हणून त्यांनी कपाळालाच हात लावला.

"ते दुसऱ्या पीरियडले मोजू," मॅडम म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की नाणं सगळेच उडवतात. त्याला दोन बाजू, म्हणून अर्धं-अर्धं. पण चपलेलाही दोनच बाजू. मग ती का नाही अर्धी-अर्धी पडत? पोरांना हे पुस्तकात सापडत नाही, म्हणून फेकून बघायचं. "अंदाजा लिव, मंग फेक," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "वाटून नको सांगू, पाहून सांग." ही दोन वाक्यं रिसालीतल्या आमच्या शाळेत इतकी पसरली, की कॅन्टीनवाला सुद्धा समोसा गरम आहे का विचारलं तर म्हणायचा, "देख के बोलो, मैडम."

मॅडम पन्नाशीच्या. अंगाने काटकुळ्या, आवाजाने भक्कम. खांद्याला कायम एक कापडी पिशवी. आत लाल आणि पांढरी बटणं. कुणी भेटलं की "हात घाल" म्हणायच्या. संचालनालयातून तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधी पिशवीत हात घालायला लावला. आम्हा शिक्षकांना त्या नावाने हाक मारत नसत. हिंदीच्या सरांना "ओ हिंदी". मला "बायो".

"बायो, तुह्या डब्यात आज भेंडी असन."

"कशावरून?"

"मागच्या वीस दिवसांत बारा दिवस होती. लिवून ठेवलं आहे."

माझा डबा कुणी वीस दिवस लिहून ठेवतंय, हे ऐकून मी डब्याचं झाकणच लावलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वांगी नेली. त्यांनी शांतपणे तेही लिहिलं.

एकदा मात्र प्रकरण चिघळलं. एका मुलीचे वडील शाळेत येऊन टेबलावर हात आपटायला लागले. मुलीच्या दप्तरात लूडोचे फासे सापडले होते. "पढ़ाने भेजते हैं कि सट्टा सीखने?" आवाज शिक्षकांच्या खोलीपर्यंत आला.  मॅडम उठल्या, त्यांच्या समोर गेल्या आणि त्यांच्या तळहातावर फासा ठेवला.

"सहा आणून दाखवा, भाऊ."

माणूस चक्रावला. पण समोर बाई उभी, मागे अख्खा स्टाफ. त्याने फेकला. दोन. पुन्हा फेकला. चार. आठ-नऊ वेळा झालं, सहा काही येईना. त्याला घाम फुटला. "अब तो आएगा ही!" तो गुरकावला.

"कावून येईन?"

"इतनी बार नहीं आया, तो अब आना ही है!"

"फाश्याले याद असते का, भाऊ? मागं काय पडलं ते त्याले कोणं सांगितलं?" मॅडम जवळजवळ मायेने म्हणाल्या. "सट्ट्यात लोक याच भरवशावर बुडते. तुमची पोरगी नाही बुडणार. तिनं काल हेच लिवलं वहीत."

तो गृहस्थ खाली मान घालून निघाला. फाटकापर्यंत गेला, परत आला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "एक बार और फेंकूँ?"

अशा बाईला मी आपण होऊन माझ्या वर्गात बोलावलं, ती माझीच हौस. बारावीला आनुवंशिकता शिकवत होते. आई-वडिलांचे गुण मुलांत कसे उतरतात, ते चार घरांचा तक्ता काढून मी पंधरा वर्षं शिकवत आले. पोरं तक्ता पाठ करतात आणि विसरतात. म्हटलं, मॅडमच्या बटणांनी तरी लक्षात राहील.

मॅडमनी दोन पिशव्या आणल्या, एक आईची, एक बापाची. दोन्हीत लाल आणि पांढरी बटणं निम्मी-निम्मी. दोन्ही पिशव्यांतून एकेक बटण काढायचं, बघून परत टाकायचं. दोन्ही पांढरी निघाली तर ते बाळ आजारी. मी उदाहरण सिकलसेलचं घेतलं. रक्ताचा हा आजार आमच्या भागात इतका घरोघरी आहे, की वेगळं समजवावं लागत नाही. फळ्यावर लिहिलं, आई-वडील दोघंही वाहक असले, तर चारात एक.

तिसऱ्या बाकावरची पायल उठली. हुशार मुलगी, सेक्टर दोनमधून सायकलने यायची.

"मैडम, फिर तो हमारे घर में अब टेंशन नहीं है ना? भैया-भाभी के पहले बच्चे को सिकलिंग है. दादी बोलती है, चार में एक था, वो हो गया. अब वाला अच्छा ही होगा."

 पंधरा वर्षं मी ती चार घरं काढत होते. ती अशीही वाचता येतात, हे मला कधी सुचलंच नव्हतं. या बाकांवरून उठून किती मुली हाच हिशोब घरी घेऊन गेल्या असतील?

मॅडमकडे पाहिलं, तर त्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"भाभीले कितवा महिना?"

"आठवाँ."

मॅडमनी पिशव्या खांद्याला अडकवल्या. शेवटची घंटा झाली तशी मला म्हणाल्या, "बायो, स्कूटर काढ."

पायलच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात तिची आजी, आमच्याच नागपूरकडची, तांदूळ निवडत बसली होती. जयभीम झाला, पाणी आलं. भाभी दाराला टेकून उभी होती आणि चार वर्षांचा मुलगा तिच्या पदराआड. मॅडमनी होणाऱ्या बाळाच्या रक्ततपासणीचा विषय काढला, तशी आजी हसली.

"डाक्टरच बोलला न बाई, चारातून एक. आमचा एक झाला. आता कायले त्या लेकराले सुया टोचायच्या?"

मॅडमनी दोन्ही पिशव्या भाभीपुढे धरल्या. "हात घाल." भाभीने बटणं काढली. लाल-पांढरं. परत टाकली, पुन्हा काढली. दोन्ही पांढरी. "आता तिसरं लेकरू समज. काढ." पुन्हा दोन्ही पांढरी. भाभीने ती बटणं परत टाकलीच नाहीत, मुठीत धरून ठेवली.

"मॅडम, बस करा!" मी ओरडलेच. आठव्या महिन्यातल्या बाईला असं करतात?

आजीने सूप बाजूला सारलं. "तुमाले काय समजते, बाई? ज्याच्या घरी हाये, त्यालेच माहीत."

"माह्या घरी होतं, आजी," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही लेकरायले."

सहा वर्षं मी या बाईशेजारी डबा उघडत होते. त्यांना मूल नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. 

"निशू मोठा. तो चवथ्या वर्षी गेला. तेव्हा पोटात रिया होती." मॅडम पिशवीचं तोंड बांधत होत्या आणि ते बांधलं जात नव्हतं. "मी गणितात एमएस्सी, आजी. परीक्षेत हाच सवाल आला असता, त पूर्ण मार्क घेतले असते. पण मलेही तेच वाटलं, का एक झालं, आता हे चांगलंच होईन. रियाले तपासलंच नाही. तिले ताप आला. मी दोन दिवस साधा ताप समजून पट्ट्या ठेवत बसली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, तवा डाक्टरनं विचारलं, बाई, हिले सिकलिंग आहे हे तुमाले माहीत नव्हतं? पयल्या दिवशीच आणली असती त..."

 भाभी पुढे आली आणि तिने मॅडमच्या हातातून पिशवी घेऊन तोंड बांधलं. मग आजीने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"केवढी होती पोरगी?"

"आठ महिन्यायची. बसाले लागली होती."

आजीने बराच वेळ मान हलवली. मग पायलला म्हणाली, "कापी आन. लेकरू झाल्यावर तपासाले कवा न्यायचं, कुठं न्यायचं, सारं बाईकडून लिवून घे."

महिन्याभराने मुलगी झाली. रक्त तपासलं. रिपोर्ट मॅडमनीच मला फोनवर वाचून दाखवला. बाळाला आजार होता.  मला वाटलं, आता ही बाई कोसळणार.

"बरं झालं, बायो," त्या म्हणाल्या. आवाज जड होता, पण स्थिर. "येळेवर समजलं. दवाई आजपासूनच सुरू होते. ताप आला त कोणी पट्ट्या ठेवत बसणार नाही."

त्यानंतर दर रविवारी त्या सेक्टर दोनला जायला लागल्या. लसी, औषध, पाणी किती पाजायचं, सगळ्यावर त्यांची नजर. भाभीला त्यांनी थर्मामीटर वाचायला शिकवलं. आजीलाही.

जानेवारीतल्या एका रविवारी सहामाहीचे तपासायचे पेपर त्यांना द्यायला मी तिथेच गेले. अंगणात ऊन होतं. मॅडम भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांच्या पायांवर, तेल लावून लोकरीची टोपी घातलेलं बाळ गाढ झोपलेलं.

"दीड घंट्यापासून अशीच बसून हाये," आजी दारातून कुजबुजली. "चहा आणला त घेतलाही नाही."

"मॅडम, पाय बधिर होतील," मी हळूच म्हटलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ऊन सरकून बाळाच्या डोळ्यांवर येत होतं. मॅडमनी एका हाताने पदर आडवा धरला होता. तो हात कधीपासून तसा धरला होता कोण जाणे, झुकला की त्या पुन्हा वर करत होत्या. त्यांचे डोळे त्या इवल्याशा श्वासावर होते. मी आल्याचं त्यांच्या लक्षात तरी होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मी पेपरांचा गठ्ठा खाली ठेवला आणि उन्हाच्या बाजूला, त्यांच्याजवळ, बाळावर माझी सावली पडेल अशी बसले.