गुप्तेकाकांचं मनगट

लिफ्टचं दार बंद झालं की गुप्तेकाका समोरच्याच्या नाकाखाली स्वतःचं मनगट धरतात आणि म्हणतात, "सांग, काय येतंय?" समोर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. मी असेन, पेपरवाला असेल, एकदा तर पाण्याचा जार खांद्यावर घेतलेला माणूस होता. तो बिचारा पळणार कुठे?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी सोडून आत बघते. त्यामुळे खोपटच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या गुप्तेकाकांच्या दाराशी सारखी छोटी छोटी पार्सलं यायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, घरातसुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा एकटा माणूस, मुलगा कल्याणला. याला एवढं येतं तरी काय? सासूबाई म्हणाल्या, बाई असणार. माझा अंदाज स्मगलिंगचा होता. नवरा म्हणाला, तुला काय करायचंय?

शेवटी साखर मागायच्या निमित्ताने मी आत घुसलेच. काचेचं अख्खं कपाट परफ्यूमच्या बाटल्यांनी भरलेलं. मॉलमध्ये मिळतात तसल्या नाहीत, कुठल्या कुठल्या देशांतले हौशी लोक मोजक्याच काढतात म्हणे, तसल्या. काकांची सगळी नोकरी कोलशेतकडच्या एका कारखान्यात काचेच्या बाटल्यांचे साचे करण्यात गेली, म्हणून त्यांचा जीव आधी बाटलीत. एक नदीतल्या गोट्यासारखी, कशीही धरा, हातात बसणारच. एकीचा तळ इतका जाड की आतलं अत्तर अधांतरी आहे असं वाटावं. "हिचं टोपण लागताना ऐक," म्हणाले. टक्. "आता हिचं ऐक. आळशी माणसाने केलीय." मला दोन्ही टक् सारखेच वाटले, पण मी "अगदी हो" म्हटलं.

फवारा मारला की मात्र हाच माणूस बदलायचा. हुंगायला आपल्याला लावायचा आणि स्वतः आपल्या तोंडाकडे बघत राहायचा, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना पेशंट बघतो तसा. मी गुलाब म्हटलं की, "बरोबर, गुलाब." सासूबाई साबण म्हणाल्या की, "बरोबर, साबण." वर ठरलेलं वाक्य, "पण पहिल्या वासावर जायचं नाही. उघडू दे त्याला." मला दाट शंका आली की यांना कळत काही नाही, नुसता भाव मारतात. म्हणून एकदा लिफ्टमध्ये स्वच्छ मोगरा घमघमत असताना मी चेहरा सरळ ठेवून म्हटलं, "काका, सोडे भाजल्यासारखं येतंय."

विलायती अत्तराला सुकी कोलंबी म्हटलेलं कोणीही ऐकून घेतलं नसतं. काकांनी डोळे मिटले. तळमजला आला तरी उघडले नाहीत.

"सोडे," म्हणाले. "येणारच. मागून येतात ते."

सापडला! मी घरी येऊन जाहीर करून टाकलं की माणूस पक्का ढोंगी आहे.

नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला जायला मी संध्याकाळी साडी नेसून बाहेर पडले, तर पॅसेजमध्ये गॅसचा वास. थोडाथोडका नाही, डोकं गरगरेल इतका, आणि काकांच्या दारातून. अशा वेळी बेल वाजवू नये एवढं मला कळतं, मी धपाधप थापा मारल्या. काकांनी दार उघडलं. हातात काडेपेटी. देवापुढे दिवा लावायला निघाले होते. मला बघून इतके खूश झाले की काय सांगू.

"बाहेरपर्यंत गेला ना वास? आजच आलाय हा. सांग, काय येतंय?"

मी काडेपेटी हिसकावून घेतली आणि स्वयंपाकघरात धावले. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. रेग्युलेटर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या. भीतीचं सगळं रूपांतर रागात झालं. मी त्यांच्यावर ओरडलेच, घरभर गॅस झालाय आणि तुम्हाला येत कसा नाही?

काका खुर्चीत बसले. "नाही येत," म्हणाले. "कसलाच येत नाही गं."

मागे मोठा ताप आला होता त्यात नाक गेलं, ते परत आलंच नाही. मुलाला कळलं असतं तर त्याने इथे कुलूप लावून त्यांना कल्याणला नेलं असतं आणि कपाट भंगारात गेलं असतं. वास येत नाही त्याला अत्तरं कशाला, असं तो म्हणाला असता.

"वास सगळे डोक्यात आहेत," ते म्हणाले. "पण हाक मारणारं कोणीतरी लागतं. तू गुलाब म्हणालीस की तो येतो, क्षणभर. म्हणून विचारत फिरतो."

मला ते सोडे आठवले आणि मान वर करवेना. काकाच म्हणाले, "त्या दिवशीचे सोडे खोटे होते, ते कळलं मला. त्या बाटलीत सोडे कुठून येणार? पण ही गेल्यापासून या घरात कोणी सोडे भाजलेले नाहीत. त्या दिवशी पार दुपारपर्यंत येत होते."

देवी राहिली बाजूला, मी तिथेच बसून रडले.

मुलाला मी सांगितलं नाही. पण अट घातली, सिलिंडर घराबाहेर आणि इंडक्शन आत. काकांनी कुरकुर करत मान्य केलं. तरी रोज संध्याकाळी मी डोकावून येतेच, माझा संशय असा सहज जात नाही.

परवा लिफ्टमध्ये मनगट पुढे आलं. मी नीट हुंगलं. चंदन होतं, सरळ सरळ चंदन.

"सोड्यांची खिचडी," मी म्हटलं. "आत्ता झाकण काढलंय."

काकांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग डोळे मिटले.

"नारळाचं दूध घातलंय?"

"घातलंय, काका."

तळमजला आला. बाहेर माणसं खोळंबली होती. मी दार बंद करून पुन्हा वरचं बटण दाबलं.